सावित्रीचा लाल डोळा

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात सावित्रीच्या तोंडाला लागायची कुणाची बिशाद नव्हती. वीस वर्षं मासे विकत होती ती. पण त्या सोमवारी नवरा राघो तिला धरून दवाखान्यात घेऊन आला आणि बाई मुकाट आली. बाप रे, तिथंच समजायला हवं होतं!

उजवा गुडघा नारळाएवढा सुजलेला. टाच जमिनीला टेकववत नव्हती. लघवीला जळजळ होत होती आणि लाल झालेला डावा डोळा उजेडात आतून ठणकत होता. पण बाईकडं सगळ्याला कारण तयार. गुडघा बसून बसून धरला. डोळ्यात माशाचा खवला उडाला. जळजळ? बाजारात बायकांना जायला धड जागा नाही, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. चार दिवस डोळ्यात गुलाबपाणी घालत बसली, आता काय म्हणावं!

डॉक्टर दिशांनी सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "मागच्या महिन्यात पोट बिघडलं होतं का? जुलाब, ताप?"

"न्हाय."

राघो दचकला. तीन आठवड्यांपूर्वी ही तीन दिवस संडासातून बाहेर येत नव्हती. तो तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं असे डोळे वटारले की तो गप्पच झाला. पडद्यापलीकडच्या बाकावर इंद्रलोक वसाहतीतल्या रीमाताई बसल्या होत्या, तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मासेवालीलाच जुलाब झाले म्हटल्यावर तिच्या टोपलीला हात कोण लावणार?

अगं, पण गिऱ्हाईक दिसायला डोळा तर हवा!

"ताई, नीट आठवा," डॉक्टर म्हणाल्या. "पोटाच्या आजारानंतर काही जणांचे सांधे, डोळे, लघवीची जागा, सगळं एकदम सुजतं. डोळा तर आजच्या आज दाखवायचा, नाहीतर नजर जाऊ शकते. पण मूळ कारण लपवलंत तर मी चुकीच्या वाटेनं जाईन."

सावित्रीनं पदराची गाठ घट्ट आवळली. घाबरली होती ती, भयंकर घाबरली होती. आणि हळू बोलणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

"झालेले जुलाब! तीन दिस! पन लग्नाच्या हळदीतल्या जेवनानं झालेले, माज्या म्हावऱ्यानं न्हाय!"

पडदा जरासा सरकला आणि रीमाताईंनी आत डोकावलं.

डोळ्याचे उपचार त्याच दुपारी सुरू झाले. गुडघा उतरायला तीन महिने लागले, डोळा मात्र वाचला. आता सावित्री पुन्हा आपल्या जागेवर बसते. रीमाताई चार ओटे सोडून दुसरीकडून बोंबील घेतात, आणि सावित्रीला ते अगदी स्वच्छ दिसतं.