आईची पाठ आणि गाडीचे शॉकअप

आईच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं ते कुठे पडून नव्हे. नारायण पेठेतल्या तिच्या फ्लॅटमध्ये ती खाली वाकून तांदळाचा डबा उचलत होती आणि पाठीत कट्‌कन काहीतरी झालं, एवढंच. वय अठ्ठ्याहत्तर, हाडं ठिसूळ झालेली. डॉक्टरांनी पट्टा लावून दीड महिना विश्रांती सांगितली आणि मग व्यायाम. ती एकटी राहायची, म्हणून मी तिला विश्रांतवाडीला माझ्याकडे घेऊन आले. माझा नवरा तेव्हा बदलीवर नाशिकला होता आणि मुलगी शिकायला परगावी. घरात आम्ही दोघीच.

आई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. निवृत्तीला वीस वर्षं झाली, पण बोलण्यातला फळा-खडू काही गेला नाही. "थोडं दुखतंय" असं ती म्हणत नाही. "कालच्या निम्मं दुखतंय" म्हणते. आपण अघळपघळ काही बोललो की "म्हणजे किती?" असं विचारून थांबते.

दीड महिन्यानंतर फिजिओथेरपी सुरू झाली, तीही नारायण पेठेतच, तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. विश्रांतवाडीत कोणी फिजिओथेरपिस्ट नाहीत का, असं मी विचारलं.

"असतील. माझी त्यांची ओळख नाही."

विषय संपला. मंगळवार, गुरुवार, शनिवार अशा सकाळच्या वेळा ठरल्या. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्या दिवसांसाठी उशिरा यायची परवानगी काढली. आईला मागच्या सीटवर बसवायचं, पाठीशी एक उशी, कमरेखाली दुसरी, आणि सावकाश पेठेपर्यंत न्यायचं. गाडी माझीच, छोटी, नऊ वर्षांची. दरवर्षी वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलेली. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती.

तक्रार आईची होती. तिसऱ्या खेपेनंतर ती म्हणाली, "जाताना दुखत नाही तेवढं आल्यावर दुखतं."

"व्यायामाने दुखत असेल."

"व्यायाम झाल्यावर तिथे बरं वाटतं. घरी येईपर्यंत जातं."

मी गाडी आणखी हळू चालवायला लागले. मागून हॉर्न वाजायचे, रिक्षावाले वळून बघायचे. पुढच्या आठवड्यात आईने वेगळंच काढलं. संगमवाडीकडून येताना ती मागून म्हणाली, "स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर तुझी गाडी चार वेळा हलते. मी मोजलंय."

"आई, रस्तेच खराब आहेत. मी काय करू?"

"रस्ता मागे राहिला. मी त्याच्यानंतरचं सांगतेय."

आज हे वाक्य लिहिताना वाटतं, याहून नेमकं कोणी काय सांगणार होतं? पण तेव्हा मला ते ऐकूच आलं नाही. मला ऐकू आलं ते एवढंच, की तू नीट चालवत नाहीस. सकाळी उठून डबा, तिची आंघोळ, तिचा पट्टा, मग हे तासाभराचं ड्रायव्हिंग, मग कॉलेज. वर मागच्या सीटवरून मोजमाप.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी व्यायाम करतात ना त्या? जेवढा फरक पडायला हवा तेवढा पडत नाहीये." त्यावरून माझ्या मनाने सरळ निष्कर्ष काढला. आईला माझ्याकडे राहायचं नाहीये. तिला पेठेत परत जायचंय, आणि ते सरळ सांगता येत नाही म्हणून ही पाठ, ही गाडी. त्या संध्याकाळी चहा देताना मी ते बोलूनही टाकलं.

आईने कप खाली ठेवला. "पेठेत मला जायचंच आहे. पण त्यासाठी पाठ कशाला दुखवून घेऊ? ते मी तोंडाने सांगितलं असतं."

पुढच्या मंगळवारी ती तयार होऊन बसली आणि म्हणाली, "माझ्यासाठी रिक्षा बोलाव. तू कॉलेजला जा." मी खूप समजावलं. मणक्याचं फ्रॅक्चर झालेल्या बाईने रिक्षातून जायचं, हे कोणाला सांगितलं तर मला काय म्हणतील, असंही म्हणाले. ती ऐकेना. शेवटी शेजारच्या वहिनींना सोबत पाठवलं. दुपारी फोन करून विचारलं, कशी झाली रिक्षा?

"आदळते," आई म्हणाली. "पण आदळून थांबते."

मला अपमान वाटला. अपमानाचं काही कारण नव्हतं, पण वाटला. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

गुरुवारी ती पुन्हा रिक्षाने गेली आणि मी एकटी गाडी घेऊन कॉलेजला निघाले. आळंदी रस्त्यावर एके ठिकाणी खोदकाम करून रस्ता बुजवला होता, पण नीट नाही. वर खाली लाटा आल्यासारखा झाला होता. माझ्या पुढे एक स्कूटर होती, माझ्याच वयाच्या बाई, पायाशी भाजीची पिशवी. कोणीतरी आडवं गेलं म्हणून त्यांनी स्कूटर थांबवली. मी वेळेत ब्रेक दाबला. हे मी स्वतःचं समर्थन म्हणून सांगत नाही, खरंच वेळेत दाबला. मध्ये भरपूर अंतर होतं. गाडीने नाक खाली घातलं, मागची बाजू त्या लाटांवरून थडथड उड्या मारत पुढे आली आणि गाडी थांबायची तिथे थांबलीच नाही. स्कूटरला धक्का बसला. बाई एका बाजूला कलल्या आणि हळूच पडल्या.

मी धावत उतरले. त्यांचं कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. टोमॅटो रस्त्यावर पसरले होते, ते आम्ही दोघींनी गोळा केले. त्या ओरडल्या नाहीत. पिशवी पुन्हा पायाशी ठेवत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, एवढं अंतर होतं की."

मी त्यांना दवाखान्यात चला म्हटलं, तर "नको, उशीर होतोय" म्हणून निघून गेल्या. मी कॉलेजात फोन करून रजा टाकली. मागच्या सीटवर आई असती आणि पुढे त्या बाईंच्या जागी कोणी लहान मूल असतं, तर काय झालं असतं, हेच डोक्यात येत राहिलं.

धानोरीच्या रस्त्याला एक गॅरेज जाता-येता दिसायचं. पत्र्याची शेड, मागे दोन म्हशी बांधलेल्या. पूर्वी तिथे शेती होती, त्याच घरातले पन्नाशीचे एक मिस्त्री आता गाड्या दुरुस्त करतात. मी तिथे गेले आणि म्हटलं, "ब्रेक बघा. लागत नाहीत."

त्यांनी चाकं काढून ब्रेक बघितले. "ब्रेक चांगले हायेत, ताई."

"मग गाडी थांबली का नाही?"

त्यांनी चाकं परत लावून गाडी जॅकवरून खाली घेतली. पुढे येऊन बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले, सगळं वजन टाकून गाडी खाली दाबली आणि हात काढून घेतले. गाडी वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली. मग मागच्या बाजूला जाऊन तसंच केलं. तिथे तर ती पाण्यातल्या होडीसारखी डुलत राहिली. "वर येऊन जागच्या जागी उभी राहाया पायजे," ते म्हणाले. मग त्यांनी मागच्या टायरवर मला तळहात फिरवायला सांगितला. डोळ्यांना टायर ठीक दिसत होता, पण हाताला खड्डे लागत होते. ठराविक अंतरावर घासलेला, मग उंच, मग घासलेला. चाक रस्त्यावर टेकून फिरण्याऐवजी उडत उडत चाललं की टायर असा झिजतो, असं त्यांनी सांगितलं. शेवटी चाकाच्या आत बॅटरीचा उजेड पाडून दाखवलं. एक नळकांडं होतं, तेलाने ओलं, त्यावर धुळीचा काळा थर बसलेला.

"शॉकअप गेलेत. मागचे दोन्ही बसले, म्होरला उजवा गळतोय. स्प्रिंग गाडीचं वजन पेलती, पर तिला नाचू द्यायचं न्हाई ते काम शॉकअपचं. आतलं तेल गेलं की स्प्रिंग नाचतीच."

"पण मी रोज चालवते. मला कसं कळलं नाही?"

"हळूहळू जातात ना. रोजच्या माणसाला कळत न्हाई." मग त्यांनी विचारलं, "ताई, मागं कधी बसलाय?"

मी आठवून पाहिलं. नऊ वर्षांत मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर एकदाही बसले नव्हते.

मग ते स्वतः चालवायला बसले. मी मागे, आई बसते त्या जागी, तिच्या दोन उशा बाजूला सारून. ते पुढच्या कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवरून गेले, माझ्याइतक्याच सावकाश. सीट वर आली, मी वर गेले, खाली आले, आणि खाली आल्यावर सीट पुन्हा मला भेटायला वर आली. कमरेत झटका बसला. धरायला पुढे स्टिअरिंग नव्हतं. खड्डा कुठे आहे ते आधी दिसत नव्हतं, त्यामुळे अंग सावरून धरता येत नव्हतं. स्पीडब्रेकर केव्हाच मागे गेला होता आणि मी अजून हलत होते. माझी पाठ धडधाकट आहे. तरी मी म्हटलं, "पुरे. वळवा."

शॉकअप जोडीने बदलावे लागतात, एक नवा आणि एक जुना चालत नाही, म्हणून चारही बदलायचे ठरले. सोबत वरचे रबर आणि धुळीपासून वाचवणारी टोपणंही. सुटे भाग यायला एक दिवस लागला. शनिवारी आईला वहिनींसोबत रिक्षाने पाठवून मी तिथेच खुर्ची टाकून बसले. पुढच्या शॉकअपवर स्प्रिंग बसवलेली असते. ती पान्याने आवळून दाबताना मिस्त्रींनी मला लांब बसायला सांगितलं, कारण सुटली तर माणूस जायबंदी होतो. काढलेला मागचा शॉकअप त्यांनी माझ्या हातात दिला. दांडा आत ढकलला तर अजिबात जोर लागला नाही, आणि गेला तो तिथेच राहिला. मग नवा दिला. तो दोन्ही हातांनी रेटूनही मुश्किलीने आत गेला आणि सोडल्यावर आपण होऊन संथपणे बाहेर आला. त्यानंतर चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं, आणि झिजलेले मागचे टायरही बदलले.

घरी आले तेव्हा आई वाचत पडली होती. मी पलंगाच्या कडेला बसले.

"आई, गाडी खराब होती. शॉकअप गेले होते."

"अच्छा, त्याला शॉकअप म्हणतात होय."

"तुझं बरोबर होतं."

"ते मी तेव्हाच सांगितलं होतं."

मला स्कूटरवरच्या बाईंबद्दल सांगायचं होतं आणि सांगितलंही. आईने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "लागलं नाही ना तिला?" आणि माझ्या हातावर हात ठेवला. तसं ती सहसा करत नाही. मी म्हटलं, मी तुला काय काय बोलले. ती म्हणाली, "बोललीस. आता ऐक. फिजिओथेरपीच्या बाईंनी पाच व्यायाम दिलेत. मी तीनच करते. ते दोन जमिनीवर झोपून करायचे आहेत, आणि जमिनीवरून मला उठता येत नाही. तुला हाक मारायची लाज वाटत होती."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी चटई घालू लागले आणि तिला उठवायला शेजारी थांबू लागले. मंगळवारी ती गाडीत बसली. पेठेत उतरताना "बरी आहे" एवढं म्हणाली. पाठ दुखायची लगेच थांबली असं नाही; अजूनही पावसाळी हवेत दुखते. पण महिन्याभरात तिने पट्टा काढला आणि दिवाळीच्या आधी, तोंडाने सांगून, आपल्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. मी आडकाठी केली नाही. तांदळाचा डबा तेवढा ओट्यावर ठेवून आले.

जानेवारीत एका रविवारी तिचा फोन आला. शाळेत असताना दरवर्षी ती मुलींची सहल घेऊन कात्रजच्या सर्पोद्यानात साप बघायला जायची, पण मुली मोजण्याच्या नादात साप कधी धड बघितलाच नाही, असं म्हणाली. "आज वेळ आहे का तुला?"

मी तिला घेऊन गेले. सातारा रस्त्याला लागल्यावर आरशात पाहिलं तर ती मान कलती करून शांत झोपली होती. कात्रजला पोचल्यावर मी गाडी सावलीत लावली आणि ती आपोआप जागी होईपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं, काच उघडी ठेवून तशीच बसून राहिले.