आमच्या हॉलात पॉपवाला

बस गो बाय. पण बसायच्या आधी ऐक. मी सांगते त्यातलं एक अक्षर जरी खरं मानून दाखवलंस तर तुला मानलं. माझी सून मानत नाय. तिचा नवरा मानत नाय, आणि तो तर माझ्याच पोटचा.

आमच्या हॉलातले किस्से म्हणजे फणसाखालचा पातेरा. सकाळी झाडून काढावा, संध्याकाळी परत ढीग. मी शिकलेली चवथीपर्यंत, ती पण मास्तरांनी कंटाळून पुढे ढकललेली. पण रत्नागिरीच्या त्या नाटकाच्या हॉलात माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. झाडू माझा, बायकांचं दार माझं, मेकअप रूमची चावी माझी. कागदावर मात्र हंगामी. म्हणजे साहेबाला शिंक आली तरी घरी जायची मी.

मोबाईल नवे नवे निघाले होते, तेव्हाची गोष्ट. मुंबईचा एक पॉप गाणारा तीन दिवस आमच्याकडे आला. त्याचं नाव सांगणार नाय. अजून टीव्हीवर येतो, उगाच त्याच्या पोटावर पाय कशाला? आम्ही त्याला हिरो म्हणायचो. पेपरात छापून आलेलं, हिरो परदेशात जन्मलेला, इंग्लिश बोलतो, मराठी एक शब्द कळत नाय.

तो यायच्या आधी मॅनेजर कदमसाहेबांनी आम्हा सगळ्यांना स्टेजवर उभं केलंन.

"तिसऱ्या दिवशी कॅमेरे येणार. व्हिडिओ निघणार. आपला हॉल देशभर दिसणार. हिरोकडून एक जरी तक्रार आली ना, तर काशीबाई, तू पहिली घरी."

"मीच का ओ?"

"मिशा आठव."

आधीच्या साली एका नटाच्या मिशा मी उलट्या चिकटवून दिलेल्या. टोकं खाली जायच्या जागी वर. बिचारा मरणाचा सीन करत होता आणि पब्लिक हसत होतं. साहेब ते विसरायला तयार नाय.

पुरुषांच्या दाराला हुसेनभाई असायचा. मिरकरवाड्याचा, हातात ही एवढी टॉर्च. तो म्हणाला, "साहेब, मध्यंतर कधी?"

"पॉपला मध्यंतर नसतं."

"मग माणसं लघवीला कधी जाणार?"

साहेबांनी मीटिंग संपवलीन.

*

आता आमचा हॉल नाटकाचा. आमचं काम काय, तर गप्प बसवणं. कोण कुजबुजला, हुसेनभाईची टॉर्च त्याच्या तोंडावर. पोर रडलं, मी त्याला आयशीसकट बाहेर काढणार. वर्षानुवर्षं हेच केलंय. रत्नागिरीच्या माणसाला आम्ही खोकला गिळायला शिकवलेलं.

पहिल्या दिवशी पडदा वर गेला. धूर सोडलेला, लाईट फिरतायत, हिरो उडी मारून पुढे आला आणि इंग्लिशमध्ये काहीतरी ओरडला. कॉलेजची पोरं ओरडत खुर्चीवर चढली. दोघं नाचायला लागले.

हुसेनभाईची टॉर्च लागली.

"खाली बस. खुर्ची तुझ्या बापाची नाय, नगरपालिकेची हाय."

पोरगा बसला. मी बायकांच्या बाजूने "शू" केलं. माझं शू वरच्या बाल्कनीपर्यंत जातं. हिरो परत ओरडला. दोन पोरी किंचाळल्या. मी त्यांना वाकून सांगितलं, "घरी किंचाळा गो, इथे माणसं ऐकायला आलीत."

पाच मिनिटात हॉल असा शांत झाला, जसं काय स्टेजवर कोणाचं दहावं चाललंय. हिरो एकटा उड्या मारतोय आणि सगळे हाताची घडी घालून बसलेत. गाणं संपल्यावर टाळ्या, त्या पण मोजून मापून.

कार्यक्रम झाल्यावर हिरोची असिस्टंट, टीना तिचं नाव, साहेबांकडे आली. "सर विचारतायत, इथे काही वाईट घडलंय का गावात?"

हुसेनभाई मला अभिमानाने म्हणाला, "बघितलंस? एवढ्या आवाजात पण आपण शिस्त ठेवली."

*

पुढची रांग पासवाल्यांची. म्हणजे ज्यांनी आयुष्यात तिकीट फाडलं नाय अशी माणसं. पुढारी, पुढाऱ्याची बायको, बायकोचा भाऊ, भावाचा शेजारी.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला तीच माणसं परत आली. मी पुढाऱ्याच्या बायकोला म्हटलं, "वहिनी, काल आवडलं वाटतं?" वहिनी म्हणाल्या, "नाय गो. कान फुटले. पण पुढच्या रांगेत आपण नाय बसलो तर दुसरं कोणी बसेल ना."

मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जरा कापूस मिळेल का?"

मेकअप रूममध्ये कापसाची गुंडाळीच होती. मी वहिनींना दिला. मग त्यांच्या नवऱ्याला. मग भावाला. मग अख्खी रांग मागायला लागली. मी म्हटलं, मोठी माणसं, बारीक बोळे कसे द्यायचे? प्रत्येकाच्या कानात शेवग्याच्या शेंगेएवढा कापूस बाहेर लोंबत होता.

हिरो पुढे आला. समोर बघितलंन. पांढऱ्या कानांची सरळ लाईन.

त्यातला एक पुढारी त्याला अंगठा दाखवून म्हणाला, "मस्त."

*

हिरोकडे मोबाईल होता. पण आमच्या हॉलात रेंज कुठे होती माहिती हाय? फक्त बायकांच्या संडासाबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ. टीनाने सगळीकडे फिरून शोधून काढलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा खेळ सुरू व्हायला वेळ होता. हिरो साधा बनियन घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून तिथे उभा राहून बोलत होता.

चिपळूणहून एक बाई आली. बिचारी एसटीने हाडं खिळखिळी करून आलेली, फक्त हिरोला बघायला. कडेवर पोर. तिला घाई. हिरोला म्हणाली, "ओ दादा, जरा धरा ह्याला."

आणि पोर त्याच्या हातात देऊन आत गेली.

मी बघत उभी. सांगू शकले असते. पण सांगायचं कशाला गो? पोराने टॉवेल ओढलान. पोराने मोबाईल तोंडात घातलान. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करतोय आणि पोर त्याला लाळ पाजतंय. हिरो माझ्याकडे बघून डोळ्यांनी काकुळती करतोय. मी आपली टाकीची तोटी बघत होते.

बाई बाहेर आली, पोर घेतलंन, त्याच्याकडे खाली वर बघितलंन आणि म्हणाली, "दादा, तुम्ही हितलेच ना? तो हिरो केव्हा येणाराय?"

हिरोने नुसते दोन्ही हात वर केलेन.

बाई मला म्हणाली, "मुका हाय वाटतं बिचारा. पण नोकरी दिली हो तुम्ही त्याला, पुण्य लागेल."

*

आता त्याच संध्याकाळचं ऐक. ह्याच्यावर तर तू मुळीच विश्वास ठेवू नकोस.

नाटकाचा नियम हाय. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा. तिसरी झाली की सगळे नट विंगेत. मग मी मेकअप रूमला बाहेरून कुलूप ठोकते, कारण मागच्या दाराने माणसं येतात आणि शालू, पितांबर, जे मिळेल ते उचलतात. एकदा एका राजाचा मुकुट भाजीच्या गाडीवर सापडलेला.

साहेबांनी सवयीने तिसरी घंटा दिली. मी सवयीने कुलूप घातलं आणि माझ्या दाराशी जाऊन उभी राहिले.

हिरो आत. बूट घालत होता.

पण मला काय माहिती? पडदा वर गेला, धूर आला, आणि गाणं सुरू झालं. त्याचाच आवाज. खणखणीत. मी म्हटलं, चला, आला. धूर एवढा की दिसत कोणीच नव्हतं.

तेवढ्यात हुसेनभाई पळत आला. "काशीबाई, मेकअप रूममध्ये कोण हाय?"

"कोण नाय."

"मग दार कोण बडवतोय?"

आम्ही दोघं गेलो. स्टेजवर हिरो गातोय, एक कडवं झालं, दुसरं सुरू. आणि कुलपाच्या आतून कोणीतरी इंग्लिशमध्ये आमचा उद्धार करतोय. हुसेनभाई दाराला कान लावून म्हणाला, "आवाज तोच हाय गो. हा जर आत हाय, तर बाहेर कोण गातोय?"

मी कुलूप काढलं. हिरो एका पायात बूट घालून उभा. त्याच्या मागून टीना. स्टेजवर त्याचं गाणं जोरात चाललेलं.

मी म्हटलं, "जा बाबा, तुझं गाणं संपत आलं."

साहेबांना कळलं तेव्हा त्यांचं तोंड आमसुलासारखं झालं. पण हिरोने तक्रार केली नाय. करणार काय? सांगणार काय, मी गात होतो तेव्हा ह्यांनी मला कोंडून ठेवलं?

साहेब मात्र मला म्हणाले, "त्याने नाय केली तरी मी करतो. उद्या कॅमेरे. उद्या पब्लिक ओरडलं नाय आणि व्हिडिओ वाया गेला, तर सोमवारपासून तू येऊ नकोस. तुम्हीच गप्प केलंत ना सगळ्यांना? आता तुम्हीच बोलतं करा."

तेव्हा मात्र माझं हसू गेलं गो. नवरा खोकल्याने घरात पडलेला, लेक अजून शिकत होता. हॉल सोडून मला दुसरं येत काय होतं? झाडू तर कोणालाही येतो.

*

तिसऱ्या दिवशी टीना माइक घेऊन पब्लिकला शिकवायला उभी राहिली. "मी हात वर केला की सगळ्यांनी ओरडायचं."

हात वर केलान. सगळे गप्प. मी पाठून म्हटलं, "ओरडा की रे मेल्यांनो." मला बघून ते आणखी ताठ बसले. त्यांना वाटलं मी परीक्षा बघतेय.

एक रिटायर मास्तर उभे राहून म्हणाले, "बाई, ओरडायला आमची हरकत नाही. पण कशाबद्दल, ते आधी सांगा."

टीना म्हणाली, "आनंदाने!"

मास्तर म्हणाले, "तो अजून झालेला नाही." आणि बसले.

हुसेनभाई टॉर्च घेऊन फिरत होता. ज्याच्या तोंडावर मारली तो म्हणायचा, "मी नाय बोललो, हा शेजारचा."

कार्यक्रम सुरू झाला. कॅमेरे फिरायला लागले. एक गाणं झालं, दोन झाली, पब्लिक देवळातल्या खांबासारखं. टीना विंगेत रडत होती. साहेब माझ्याकडे बघत होते. ती नजर म्हणजे सोमवार.

तिसऱ्या गाण्यात टेप वाजवायचं मशीन अडकलं. कर्र झालं आणि बंद. हिरोचं तोंड उघडं, हात वर, आणि आवाज नाय. मशीनवाला खाली बसून वायरी ओढतोय. अख्ख्या हॉलला कळलं, आवाज कुठून येत होता. कोणी हसलं नाय, कोणी शिट्टी मारली नाय. आम्ही शिकवलेलंच तसं. आणि ती शांतता शिव्यांपेक्षा वाईट गो. हिरोच्या कपाळावरून घाम ओघळला तो मला शेवटच्या दारातून दिसला.

मी म्हटलं, संपली नोकरी. माझी पण, त्याची पण.

माझा बाप गावच्या देवळात गुरव. कुठे काय अडलं की आपल्याकडे काय करतात? गाऱ्हाणं घालतात, एकाने देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. बाईमाणसाने घालायचं नसतं, पण तिथे दुसरं कोणी पुढे येत नव्हतं. मी दारातूनच हात जोडले आणि आवाज काढला.

"बा जागेवाल्या म्हाराजा! आज हे लेकरू मुंबईहून तुझ्या दारात येऊन उभं हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. हुसेनभाईने टॉर्च विझवलीन. म्हणाला, "माझी पण नोकरी हाय ह्यात." आणि पहिला तोच ओरडला, "व्हय म्हाराजा!"

"त्याच्या मशीनचा गळा बसलाय, तो मोकळा कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आता दहा पंधरा जण. ते मास्तर पण.

"लांबून आलेल्या माणसाला परतीची एसटी मिळू दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" अर्धा हॉल.

"आणि फुकटच्या पासावर बसलेत त्यांना निदान टाळ्या वाजवायची बुद्धी दे म्हाराजा."

बाय गो, वरचे पत्रे हलले. तिकीट काढलेली माणसं उभी राहून ओरडली, खुर्चीवर चढून ओरडली. कॅमेरावाले वेड्यासारखे इकडून तिकडे पळायला लागले. हिरो जागचा हलला नव्हता.

आता एकच राहिलं होतं. म्हटलं, होऊन जाऊ दे.

"आणि कदमसाहेबांनी एका गरीब बाईला सोमवारपासून घरी बसवायचं मनात आणलं असेल, तर ते त्यांच्या मनातून काढून टाक म्हाराजा!"

गप्प. एकदम गप्प. साहेब विंगेत उभे, सगळ्यांना दिसत होते. गाव छोटं. कोणाला उद्या त्यांच्याकडून हॉल हवा, कोणाला पास हवा, कोणाचा मुलगा त्यांच्या ओळखीवर चिकटायचा. हुसेनभाईने पण मान खाली घातलीन.

आणि स्टेजवरून आवाज आला. माइक नाय, मशीन नाय. हिरोने गॉगल काढलेला, हात जोडलेले, डोळे मिटलेले. आपल्याकडचे म्हातारे शेवट कसा लांबवतात, होळीला देवापुढे, अगदी तस्सा.

"व्हऽय म्हाऽराजा."

मराठी येत नव्हतं हां त्याला. पेपरात छापून आलेलं.

माझ्याकडे काय बघतेस? मला नको विचारू. ऊठ, जा आता घरी.