आंब्याचा अंगारा

मंडळी, चाकणच्या इतिहासातला सर्वांत भयंकर क्षण मी प्रत्यक्ष पाहिला आहे, आणि त्या वेळी माझ्या कपाळाला किड्याने उकरलेला भुसा लावलेला होता!

पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. आमच्या देवळामागच्या आमराईतल्या जुन्या आंब्याच्या खोडातून बारीक पांढरी पूड झरू लागली. झाड शेंड्याकडून वाळत चाललं होतं, पण गावाने त्या पुडीला देवाचा अंगारा मानलं.

एके दिवशी एसटी बंद पडली, म्हणून एक धोतरवाला गृहस्थ दर्शनाला आला. त्याचं नाव आम्ही कधीच विचारलं नाही. त्याने खोडावर बोटाने टकटक केलं, "माफ कर रे बाबा," असं झाडाला म्हणाला आणि चाकूने साल उचकटली. आत काळी पडलेली भोकं आणि वळवळते किडे! बायका किंचाळल्या.

"हा भुसा आहे," तो हळूच म्हणाला. "किडा येताना बुरशी घेऊन येतो. आत तिची शेती करतो, पिल्लांना तीच चारतो. झाडाचं पाणी मात्र तुटतं. हे आजच तोडून जाळा, तरच बाकीची आमराई वाचेल."

हे सांगताना त्याचा हात खोडावरून फिरत होता, आजाऱ्याच्या पाठीवरून फिरावा तसा. तो हात मला अजून दिसतो.

मग त्याने विचारलं, "याची फांदी कुणी घरी नेली नाही ना?"

गुरवाचा चेहरा पांढराफटक पडला.

"आवं, पंचक्रोशीतल्या समद्या आमराईत परसाद म्हून बांधल्यात! आन् तुमच्या पिशवीत बी आत्ताच एक खोचलीया!"