पाहुण्याचा कागदी कप

कागदी कपांचं पुडकं मी केडगावच्या बाजारातून स्वतः आणलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. सूनबाई म्हणालीसुद्धा, "आबा, घरात कपांचा ढीग हाय, ह्ये कशाला?" मी म्हणालो, "असू दे. पाव्हणी यायचीय." पाहुणीचा आणि कागदी कपांचा काय संबंध, हे तिनं विचारलं नाही. तिला कळलं असणार. आमच्या घरात काही गोष्टी विचारायच्या नसतात, त्यातली ती एक.

पाहुणी म्हणजे इंग्रजी शिकवायला मदत करणारी मॅडम. पुण्यातली एक संस्था परदेशातल्या पोरापोरींना खेड्यातल्या शाळांवर पाठवायची. पगार नाही, भत्ता नाही, ज्याची त्याची हौस. आमच्या गावच्या शाळेला तीन महिन्यांसाठी एक मुलगी मिळाली. स्कॉटलंडची, वय बावीस, बाप मेंढ्या पाळणारा. शिकवणार गुरुजीच, ही त्यांच्या हाताखाली. पोरांना घोळक्यात घेऊन बसायचं, बोलतं करायचं, एवढंच तिचं काम. ती राहणार कुठं, यावर शाळेत बैठक झाली. मी उठून म्हणालो, "माझ्याकडं. स्लॅबचं घर हाय, येगळी खोली हाय, आतच संडास-बाथरूम हाय. आन् कुणाकडं हाय?" तिथंच ठरलं. मी शाळा समितीचा माजी अध्यक्ष. चौथी नापास, पण अध्यक्ष.

अडचण बोलण्याची होती. गुरुजी दौंडाहून मोटरसायकलवर यायचे आणि शाळा सुटली की परत जायचे. त्यांच्यामागं गावात इंग्रजी बोलणारा माणूस एकच. त्याला सगळे गार्डसाहेब म्हणतात, कारण तो रेल्वेत मालगाडीवर गार्ड होता. मी नुसतं गार्ड म्हणायचो. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. तो दारापाशी पोत्यावर बसायचा, मी मधे. पाढे त्याला यायचे, मला नाही. एकदा माझी पाटीवरची पेन्सिल हरवली तेव्हा त्यानं आपली मोडून अर्धी मला दिली. हातात दिली नाही, लांबून माझ्या पाटीवर टाकली. तेवढ्या वयातही कुठं हात लावायचा नाही ते त्याला ठाऊक होतं आणि मलाही. पुढं मी नापास होऊन बैलांमागं गेलो. तो पास होत राहिला, दौंडला रेल्वेत लागला. तिथं तवा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होते, त्यांच्याबरोबर राहून त्याची जीभ सुटली. रिटायर झाल्यावर बौद्धवस्तीतल्या आपल्या घरी येऊन राहिला.

आमच्या ओट्यावर तो वर्षातून एक-दोनदा यायचा. लग्नाची पत्रिका द्यायला, नाहीतर काही कागद दाखवायला. "च्या आत्ताच झाला," असं म्हणायचा. तरी दिलाच तर गोठ्याच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा, त्यात दिला जायचा. पिऊन झाला की तो कप आपल्या हातानं विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. माझ्या वडिलांच्या काळात त्याच्या वडिलांना करवंटीत मिळायचा. मी कप दिला, याचा मला अभिमान होता. आज लिहिताना हात अडतो, पण तवा अभिमान होता, हे खरं.

मॅडम येणार म्हटल्यावर तो रोज येणार, हे उघड होतं. आणि ती कोनाड्यातला कप बघणार. परदेशातली माणसं असलं काही बघून फोटो काढतात, असं ऐकलं होतं. म्हणून तो कप मी उकिरड्यात पुरला आणि केडगावहून पुडकं आणलं. लग्नाकार्यात आता सगळेच कागदाच्या कपात पितात. कोण बघतंय? मला वाटलं, काय डोकं चालवलं आपण!

ती आली आणि सगळं घर तिच्याभोवती फिरायला लागलं. पोरगी साधी. भाकरी थापायला बसायची, हात पोळून घ्यायची, हसायची. संध्याकाळी गार्ड यायचा. ओट्यावर बसून दोघं दुसऱ्या दिवसाचा धडा तयार करायचे. तिला सूनबाईचं, सूनबाईला तिचं तो सांगायचा. चहा यायचा. मला आणि तिला चिनी मातीच्या कपात, त्याला कागदाच्या. पिऊन झाल्यावर तो कप चुरगळून सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि जाताना घेऊन जायचा. माझ्या घरातल्या कुणाला उचलायला लागू नये म्हणून. तेही मी बघत होतो.

चार दिवसांत तिनं विचारलं. आधी त्याच्याशी बोलली, मग माझ्याकडं बघत राहिली. गार्डानं कप खाली ठेवला.

"आबा, म्याडम इचारत्यात, तुमाला आन् त्यांला चिनी मातीचा कप, आन् मला रोज कागदाचा. असं का?"

गाडीची वेळ विचारावी तसा त्याचा आवाज. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. मला एवढंच म्हणायचं होतं की चुकलं. त्याऐवजी मी म्हणालो, "सांग तिला, आमच्यात आवडत्या पाव्हण्याला कुणी न वापरलेला कप देत्यात."

त्यानं कप उचलून एक घोट घेतला. मग सांगितलं. ती हरखून गेली. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

"काय म्हनली?"

"म्हनली, लई सुंदर रीत हाय."

मग ती पुन्हा बोलली. गार्ड म्हणाला, "त्या इचारत्यात, मंग मला का न्हाई?"

"सांग, तू घरची लेक हाय."

तिचे डोळे भरून आले. माझंही काळीज जरा हाललं, खोटं का सांगू. एका खोट्यानं दोन माणसं खूश केली, असं मनात आलं आणि त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

जायच्या आठवडाभर आधी शाळेत पालकांचा मेळावा ठरला. वडगाव रासाईहून माझी बहीण मुद्दाम आली, भावाचा मान बघायला. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. मांडवात डावीकडं गावातली माणसं, उजवीकडं वस्तीतली. तसं कुणी सांगत नाही, आपोआप बसतात. गुरुजींनी पेढे वाटले. मॅडमनं पोरांचं छोटं नाटक बसवलं होतं, सगळं इंग्रजीत. एक पोरगी घरमालकीण झाली, एक पोरगा पाहुणा. पाहुणा येतो, बसतो, रामराम होतो. मग पोरीनं चहा आणला.

कागदाच्या कपात.

पोरानं कप दोन्ही हातांनी घेतला आणि मोठ्यांदा थँक्यू म्हणाला. मॅडम माईकवर आली. शेजारी गार्ड, मराठीत सांगायला. ती एक वाक्य बोलायची, तो एक वाक्य.

"म्याडम म्हनत्यात, मी ह्या गावात लई शिकले."

"म्याडम म्हनत्यात, इथं आवडत्या पाव्हण्याला कुणी न वापरलेला कप देत्यात."

"म्याडम म्हनत्यात, ही रीत मला आबांनी शिकवली. माझ्या गावाकडं गेले की मी पन आसंच करनार."

त्यानं एक शब्द गाळला नाही. त्याला गाळता आला असता. कुणाला कळलं असतं? मी खुर्चीत बसून वाट बघत होतो की तो काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेईल. नाही नेली.

उजवीकडून एक म्हातारी हसली. दात नसलेलं, मोकळं हसू. "आगं बया! म्हंजी आमी लई आवडते पाव्हणे की वो आबा! आज्या-पंज्यापासनं!" मग उजवीकडचे सगळे हसले. डावीकडचे चपलांकडं बघायला लागले. मॅडमलाही हसू आलं, तिनं गार्डाला विचारलं. तो तिला इंग्रजीत काहीतरी बोलला आणि ती माझ्याकडं बघून मान डोलवायला लागली.

बहीण घरी जाताना म्हणाली, "दादा, ती म्हातारी का वो हसली?"

"तिला इचार," मी ओरडलो.

दुसऱ्या दिवशी गार्ड आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मॅडमला तो शाळेत भेटत होता, आमच्याकडं येत नव्हता. मला झोप येईना. तो हसण्याच्या वेळी तिला काय बोलला, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. शेवटी टोपी घातली आणि दिवसाढवळ्या वस्तीत गेलो. मतं मागायला गेलो असेन, उंबऱ्याबाहेरून. आत कधी नाही.

तो दारातच होता. "ये. बस," म्हणाला. माझ्या ओट्यावर तो मला आबा आणि तुम्ही म्हणायचा. आपल्या घरात त्यानं चौथीतलं बोलणं काढलं. मी खुर्चीवर बसलो. भिंतीवर त्याचा रेल्वेतला फोटो, हातात हिरवा झेंडा. त्याच्या मंडळींनी आतून विचारलं, च्या टाकू का.

"नगं वयनी, मला साखर हाय," मी म्हणालो.

"मेळाव्यात दोन पेढे खाल्लेस की," गार्ड म्हणाला.

चहा आला. कपबशीत. कपाटातली, निळ्या फुलांची. मी बशीत ओतून प्यालो. चहाला आल्याची चव होती आणि घशाखाली उतरताना मला कसलंही काही झालं नाही. सत्तरी उलटल्यावर मी हे पहिल्यांदा बघत होतो.

मी विचारलं, "म्हातारी बोलली, त्ये म्याडमला काय सांगितलंस?"

"सांगितलं, म्हातारी म्हनती, आबांच्या घरी आमचं जुनं येनंजानं हाय."

मला बरं वाटलं. म्हणालो, "माझी अब्रू राखलीस."

"तुझी?" तो हसला. "ती पोर परक्या मुलखात एकटी. जेवायला तुझ्याच घरात बसायचंय तिला. तिचा घास कशाला कडू करू?"

मी कपबशी खाली ठेवली. मग म्हणालो, "पर माईकवर तरी जरा फिरवून सांगायचं."

"मालगाडीवर जलम गेला माझा. डब्यात काय भरलंय, त्ये गार्डानं बघायचं नसतं. जसंच्या तसं पोचवायचं. माल तुझा व्हता."

उठताना तो म्हणाला, "खरं सांगायचं आसंल तर तू सांग. मी इंग्रजी करीन. तिची जीप आयतवारी हाय."

रविवारपर्यंत चार दिवस होते. मी चारही दिवस गप्प राहिलो. रविवारी जीप दारात आली, सगळी शाळा जमली. मॅडम रडत होती, सूनबाई रडत होती. गार्डही आला, बाजूला उभा राहिला. मॅडमच्या हातात तो नाटकातला कागदी कप. वर्गातल्या सगळ्या पोरांनी त्यावर पेनानं सह्या केल्या होत्या. तिनं तो ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवला.

मी गार्डाला हाक मारली. "सांग तिला..."

तो जवळ आला. ती पण आली. "काय सांगू?"

माणसं बघत होती. मुलगा, सून, नातवंडं, गुरुजी. मी टोपी सारखी केली. म्हणालो, "सांग, नीट जा म्हनावं."

त्यानं सांगितलं. जीप गेली. धूळ बसल्यावर तो म्हणाला, "येवढंच व्हतं व्हय?" आणि वस्तीकडं निघून गेला.

ती आता आपल्या गावात लहान पोरांना शिकवते. तिनं गार्डाच्या मोबाईलवर फोटो पाठवला. तो चावडीवर भेटला तेव्हा मला दाखवला. फळ्याशेजारी फळीवर तो कप ठेवलाय आणि गोरी-गोरी पोरं त्याच्याकडं बघत उभी आहेत. तिकडच्या पोरांना ती आमच्या गावची रीत सांगत असणार. त्या पोरांनी माझं काय वाईट केलंय, की त्यांनी माझं खोटं शिकावं?

म्हणून हे लिहायला बसलो. नातीची अर्धी वही संपली, शुद्धलेखनाला माफी असावी. लिहून झाल्यावर गार्डाकडं नेलं. खालचं त्यानंतर लिहितोय.

म्हणालो, "ह्ये इंग्रजीत कर आन् तिला पाठव."

त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं. मधे एकदा हसला, पेढ्यांपाशी असावा. मग एका पानावर बोट ठेवून म्हणाला, "करवंटीचं पन लिवलंस. तुझ्या बापाचं. ठिवू का काढू?"

मी म्हणालो, "काढ. त्यांचं कशाला? गेलेलं मानूस."

"बरं," तो म्हणाला आणि वही मिटली.

मी निघालो. हापशापर्यंत आलो आणि थांबलो. परत फिरलो. तो तिथंच बसला होता, वही मांडीवर.

"ठिव," मी दारातूनच म्हणालो.

"काढलंच नव्हतं," तो म्हणाला. "आत ये. उंबऱ्यात उभा राहू नगंस."