गुंदची मोटारखोली

बैलगाडी अजून ओढ्यापलीकडे होती, तोच येसाजी खाली उडी टाकून घराकडे पळत सुटला. अंगणात त्याची बायको केशर भात पाखडत होती. त्यानं तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि धापा टाकत म्हणाला, "केशर, मोटार घेतली!"

"कुणी?"

"मी! बेळगावात. हिरवी हाय. कापडी टप हाय वरनं."

एकोणीसशे सव्वीस-सत्तावीसचा तो सुमार. येसाजी लाकडाच्या कंत्राटदारांचा माल बैलगाड्यांवरून लोंढा स्टेशनाला पोचवायचा. बेळगावला गेला की एका मोटारवाल्याच्या मागं लागून तो मोटार हाकायला शिकला होता, हे केशरला ठाऊक होतं. पण गुंदसारख्या रानातल्या गावात मोटार येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती हसायला लागली आणि हसता हसता एकदम थांबली.

"आवो, पावसाळ्यात ठेवायची कुठं?"

येसाजीनं हा विचारच केला नव्हता. पाऊस लागला की रस्त्याचा चिखल होणार आणि दसऱ्यापर्यंत मोटार जागची हलणार नाही. "गोठ्याच्या अंगाला खोप हाय की," तो म्हणाला.

"खोपीत? हितल्या पावसात? गंजून जाईल ती. वाळवी, उंदीर, वल... आणि एवढी जड वस्तू उभी राहायची ती जमीन नको का तशी?"

"मग तूच कर की खोली," येसाजी म्हणाला. "शिमग्यानंतर आणतो मोटार. तवर तुझ्या मनासारखं कर."

तो सहज बोलून गेला. केशरनं मात्र ते मनावर घेतलं. ती कुंभारवाडा गावची लेक. पोरवयापासून घरातली जमीन चोपून-सारवून करण्यात तिचा हात असा की कुणाकडे लग्न निघालं की आधी तिला बोलावणं यायचं. पण सासरच्या घरात काय बांधायचं, कुठं बांधायचं, हे ठरवायची सासू यमुना, नाहीतर येसाजी. एक अख्खी खोली आपल्या मनासारखी करायची, हे तिला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

येसाजीनं बेळगावातून एक सुतळी आणली होती. तिला गाठी मारून त्यानं मोटारीची लांबी-रुंदी धरली होती. त्या मापानं भिंती उठल्या, वर कौलं चढली. आता प्रश्न जमिनीचा. यमुनाचं म्हणणं, "शेणानं सारव, मोकळी हो. पिढ्यान् पिढ्या आमी शेणावरच राह्यलो न्हवं?" येसाजीला जांभ्या दगडाचे चिरे हवे होते. केशरच्या मनात चुना होता. कारवारकडून शिंपल्यांचा भाजलेला चुना गाड्यांवर येई, आणि त्यात तांबडी काव घालून घोटलेली जमीन तिनं एकदा सुप्याच्या एका देवळात पाहिली होती. तिच्यात तोंड दिसत होतं!

वाद घालत बसण्यापेक्षा तिनं एक भलतीच गोष्ट केली. परसात शेजारीशेजारी चार तुकडे घातले. पहिला शेणमातीचा, कोळशाची पूड घालून, दुसरा चिऱ्यांचा, तिसरा गूळ नि हिरड्याच्या पाण्यात कालवून चोपलेल्या चुन्याचा, आणि चौथा त्याच चुन्याचा, पण वर काव देऊन, नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटून, खोबरेल तेल जिरवलेला. ते सुकेपर्यंत ती दिवसातून दहादा परसात जाऊन बघून येई.

परीक्षेच्या दिवशी सगळी वाडी परसात गोळा झाली. येसाजीनं ओंडक्यांनी भरलेली गाडी चारही तुकड्यांवरून हाकली. शेणाच्या तुकड्यात चाक वीतभर रुतलं. लोक ओरडले. यमुनानं पदर तोंडाला लावला. नुसता चुना मधोमध तडकला. कावेच्या जमिनीवर चाकाच्या लोखंडी धावेचा लांबलचक ओरखडा उमटला. चिरे मात्र हलले नाहीत.

"बघ, सांगत न्हवतो?" येसाजीनं मांडीवर थाप मारली.

"थांबा. अजून तेल हाय." मोटारीच्या पोटातून निघालेलं काळं तेल येसाजीनं नमुन्याला बाटलीतून आणलं होतं. केशरनं ते चारही ठिकाणी ओतलं आणि उकिडवी बसून बघू लागली. चिऱ्यांनी तेल घटाघटा पिऊन टाकलं. काळा डाग काही केल्या निघेना. कावेच्या जमिनीवर मात्र ते मण्यासारखं उभं राहिलं. केशरनं मूठभर कोंडा टाकला, फडक्यानं पुसलं, आणि खाली जमीन पुन्हा लखलखीत.

"चाकं जायची तिथं चिरे!" ती उठून उभी राहिली, तिचा आवाज चढला होता. "दोन पट्टे. आणि मधी, जिथं तेल ठिबकायचं तिथं, काव!"

येसाजीनं पावलांनी दोन चाकांमधलं अंतर मोजलं. मग म्हणाला, "व्हय की गं!"

यमुना फुरंगटून म्हणाली, "म्हंजे माझं शेण गेलं वाया."

"वाया कशानं, आत्ती? भिंतींना तुमीच सारवायचं. तुमचा हात मला कुठला?" यमुनाचा चेहरा खुलला.

पुढं वाडीतल्या बाया चोपण्या घेऊन आल्या. ओळीनं बसून एका तालात चुना चोपू लागल्या, तसा तो ठोका ओढ्यापलीकडच्या शेतात ऐकू जाई.

मोटारीच्या सामानाला कपाट हवं, म्हणून नागू सुताराला बोलावलं. नागूला सागवान हवं होतं, पण सागवान सरकारचं, तोडायला बंदी. बांधावर वाऱ्यानं पडलेला फणस होता, तो केशरनं दाखवला.

"फणस चालंल, वैनी," नागू म्हणाला. "पण वाळवीचं काय?"

"पायांखाली दगडी वाट्या. वाट्यांत पाणी. आणि सगळ्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल."

ते काळं तेल चोपडताना तिच्या हातांना फोड आले. यमुना दह्याची साय लावत ओरडत होती, आणि केशर हसत नागूला सांगत होती, हत्यारांना वरचा खण, टपाला रुंद खण, सुट्या रबरी ट्यूबांना दारामागं खुंट्या, आणि तळाला रॉकेलच्या डब्यांचा पत्रा, म्हणजे उंदीर दात लावणार नाहीत.

"आणि पेट्रोलला खालचा खण," येसाजी म्हणाला.

"पेट्रोल म्हंजे रॉकेलच न्हवं?"

येसाजीनं अंगणात दगडावर बेळगावातून आणलेलं चमचाभर पेट्रोल ओतलं आणि लांबूनच जळती काडी टाकली. भक्कन ज्वाळा उठली. केशर मागं सरली. क्षणभर तिनं त्या काळ्या दगडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्याला घरात जागा न्हाई." मग पेट्रोलच्या डब्यांसाठी आंब्यापलीकडे चिऱ्यांचा हौद बांधला, त्यावर दगडी झाकण आलं, आणि तिथं दिवा न्यायची सगळ्यांना बंदी झाली.

शिमगा झाला आणि एका दुपारी रानातून भोंगा ऐकू आला. गुरं उधळली. लोक धावले. धुळीत माखलेली हिरवी मोटार अंगणात येऊन थडथडत उभी राहिली, आणि केशर मोटारखोलीकडे धावली. दार पुरेल का? सुतळी ओली होऊन आखडली असली तर?

येसाजीनं मोटार हळूहळू मागं घेतली. "डावीकडं! न्हाई, उजवीकडं!" सगळा गाव एकदमच सांगत होता. केशर आत भिंतीला चिकटून उभी होती. चाकं नेमकी चिऱ्यांवर चढली, दोन्ही बाजूंना हातहातभर जागा ठेवून मोटार आत सरकली आणि गप्प झाली. त्या शांततेत टप्पकन तेलाचा एक थेंब कावेवर पडला. केशरनं कोंड्याची टोपली पुढं ओढली आणि आनंदानं टाळी वाजवली.

पाऊस त्या वर्षी असा कोसळला की शेजारच्या खोपीचं छप्पर बसलं. केशर रोज मोटारखोलीत जाई, वाट्यांतलं पाणी बदले, कोपऱ्यात चुलीत तापवलेले गोटे ठेवून ओल काढी. मनातून मात्र धाकधूक होतीच. मोटारीच्या आत काय चाललं असेल, हे तिला दिसत नव्हतं.

दसऱ्याला दारं सताड उघडली. गादी कोरडी. टपाला भोक नाही. हत्यारांवर गंजाचा ठिपका नाही. झेंडूची माळ घालून येसाजीनं हँडल मारलं. मोटार खोकली. पुन्हा मारलं, पुन्हा खोकली. यमुनानं देवाचं नाव घेतलं. तिसऱ्यांदा हँडल फिरलं आणि अशी गर्जना उठली की कौलांवरची कबुतरं उडाली.

"बस!" येसाजी गर्जनेवर ओरडला.

"कोण, मी?"

"मग काय नागू? पुढं बस!"

नेसत्या लुगड्यानिशी केशर पुढं बसली. मोटार तिच्या माहेरच्या, कुंभारवाड्याच्या वाटेला लागली. वाऱ्यानं पदर उडत होता, भाताची हिरवी खाचरं दोन्हीकडून मागं पळत होती, आणि ती मोठमोठ्यानं हसत होती.

पुढं बाजारकुणंगपासून सुप्यापर्यंत लोक तिला जमीन करायला बोलावू लागले. देवळांच्या, दुकानांच्या, एका शाळेच्याही. येसाजी तिला मोटारीनं सोडायला जाई. आणि कामाला गेली की आधी ती तिथल्या बायांना परसात बोलावी आणि विचारी, "ह्या जमिनीवर काय काय सांडतंय, ते सांगा बगू."