मशीनचा चहा

"आधी झालंतं कसं, ते बघा की!" असं म्हणून मामा चपला दाराबाहेर काढत आणि मशीनमधून निघालेला लांबलचक छापील कागद फरशीवर अंथरत. मग पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून, ओणवे होऊन त्याच्या कडेकडेनं चालत राहत. दारातून डोकावणाऱ्याला वाटे, इथं पापड वाळत घातलेत.

तुमच्याही कचेरीत असा एखादा मामा असेलच. आमचा साखर कारखान्यात होता. ऐंशीच्या दशकात कोल्हापूरजवळच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा मामांना उसाच्या वजनकाट्यावरून उचलून काही महिने पुण्याला शिकायला धाडलं. परत आले ते त्यांच्या गावी, उचगावभर, बातमी करूनच. लोक त्यांच्याकडे मुलामुलींच्या पत्रिका आणून देऊ लागले. मशीन गुण जुळवते म्हणे.

आम्ही लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलून द्यायचं काम कंपायलर करतो. पण त्याचे नखरे नव्या जावयासारखे. कुठला भाग कुठल्या टेपवर, आधी काय, मागून काय, हे सगळं सेटिंगच्या फाईलमध्ये आधी लिहून द्यावं लागे. एक ओळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मशीन मात्र आपण काय काय केलं त्याची इमानानं नोंद ठेवी. तिला आम्ही लॉग म्हणत असू; मामा फरशीवर अंथरत तो कागद हाच. मामांनी डोकं लढवलं. जमलेल्या आणि फसलेल्या कामांचे लॉग एका प्रोग्रामलाच वाचायला द्यायचे. जमलेल्यांत हमखास असतं आणि फसलेल्यांत नसतं, ते उचलून त्यानं सेटिंगची फाईल आपली आपणच तयार करायची.

इथं आमच्या खोलीतली एक रीत सांगायला हवी. चहाला जाताना मागे कुणी काही दाबू नये म्हणून आम्ही मशीनला थांबायला सांगून 'चहा' असं टाइप करत असू. परत येऊन 'घेतला' टाइप केलं की ती पुढं चालू होई.

हंगाम तोंडावर आला, तरी प्रोग्राम काही धड चालेना. चेअरमनसाहेबांनी दम भरला, "सोमवारी मी सवता येतोय. न्हाय चाललं तर मशीन पुण्याला, आन् मामा काट्यावर!"

मामांनी त्या दिवशी डबा तसाच परत नेला. जाताना मला म्हणाले, "काट्याची लाज न्हाय वाटत मला. पर मामाच्या हातनं झालं न्हाय, असं ऱ्हायला नगं."

सोमवारी साहेब खुर्ची ओढून बसले. मामांच्या प्रोग्रामनं तयार केलेली फाईल घेऊन मशीन निघाली, टेप गरगरली, आणि अर्ध्यावर पडद्यावर अक्षरं उमटली : चहा. पुढं सगळं गप्प.

"का थांबली ओ ही?"

मामांनी घाम पुसला. "साहेब... च्या मागतीया."

आता मामा काट्यावर, असं मी मनात म्हटलं. साहेब पुढं सरकले. "मग द्या की! बघत काय बसलाय पावण्यागत?"

कॅन्टीनमधून कप आला. मशीनपुढं ठेवला. आम्ही सगळे हात बांधून उभे. कप पुरता निवल्यावर मामांनी हळूच 'घेतला' टाइप केलं, आणि मशीन जी सुटली ती काम संपवूनच थांबली.

"जित्राब हाय की ह्ये!" साहेब उठून उभे राहिले. "रोज द्या हिला. आन् साखर जरा सढळ टाका, आपल्याच कारखान्याची हाय."

झालं होतं ते असं. जमलेल्या प्रत्येक लॉगमध्ये चहा होता. चहा न घेता घाईघाईनं बसलो, तेव्हाच आमचं काम फसलं होतं. मामांच्या प्रोग्रामनं मग चहाही आवश्यक धरला. मी हसत ती ओळ काढून टाकली, तर काम खरंच फसलं! टेप गुंडाळून जागेवर यायला वेळ लागे, तो आमच्या चहात निघून जाई. मी हे मामांना समजावून सांगितलं.

"आसंल की," मामा म्हणाले. "पर लॉगात टेपंचं कुठं लिवलंय? च्या लिवलाय."

ओळ परत घातली. कॅन्टीनला हुकूमच होता, त्यामुळं मशीनचा कप रोज येई. तो मामा पीत, बशी पुसून ठेवत आणि "झालं हिचं" म्हणत 'घेतला' टाइप करत. मला तो माणूस फार आवडायचा.

पुढं एका हंगामात छातीत कळ आल्याचं निमित्त झालं आणि मामा गेले. उचगावला जाऊन आम्ही त्यांना पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी काम अडून चालणार नव्हतं, म्हणून मी एकटाच मशीनवर बसलो. टेप फिरली. अर्ध्यावर पडद्यावर 'चहा' उमटला. कॅन्टीनचा माणूस सवयीनं कप ठेवून गेला. मामांच्या रिकाम्या खुर्चीसमोर त्यावर साय धरली, चहा गारढोण झाला. बाहेर ऊसगाड्यांची रांग वाढत होती आणि लोक दारात येऊन विचारून जात होते. मला काही 'घेतला' असं टाइप करवेना.