भवानीनगरचे अध्यक्ष महोदय

देशाची संसद फक्त दिल्लीत भरते असं ज्यांना वाटतं, त्यांनी भवानीनगरला माझ्या बहिणीचं घर पाहिलेलं नाही. तिचे सासरे, म्हणजे आबा, साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन लोकसभेत रुजू झाले. अधिवेशन लागलं की टीव्हीवर दुसरं काही दिसत नाही. इस्त्रीचा सदरा घालून, टोपी ठाकठीक करून आबा दिवाणावर बसतात. तिकडं एखादा खासदार महागाईवर बोलायला उठला की इकडं आबा स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारतात, "कांदा काय भावानं आणला, सभागृहाला माहिती द्या." आतून बहिणीच्या सासूबाई म्हणतात, "कांदा संपलाय म्हणावं सभागृहाला. पिशवी घ्या अन् बाजारला जावा." आबा गंभीरपणे म्हणतात, "हे कामकाजातनं काढून टाका," आणि मुकाट्यानं पिशवी शोधू लागतात. शेजारचे तात्या एकदा ऐन चर्चेत फवारणीचा पंप मागायला आले, तर त्यांना शून्य प्रहर सुरू होईपर्यंत ओट्यावर बसवून ठेवलं. तात्या बिचारे दोनदा चहा पिऊन पंप न घेताच परतले.

घरचं कामकाजही असंच. बोलायचं तर हात वर करायचा, अध्यक्षांकडं बघूनच बोलायचं. मी पाहुणा, म्हणून मला तोंड उघडायला बंदी. बाकीचे सगळे मान डोलावून मोकळे व्हायचे. भांडायला एकटी माझी भाची. ती हरकती घ्यायची, आबांना त्यांच्याच नियमात अडकवायची आणि अगदीच ऐकलं नाही तर पाय आपटत सभात्याग करायची. ती बाहेर गेली की आबा खुशीत येऊन माझ्या कानाला लागायचे, "विरोधी पक्ष लई तयारीचा हाय आमचा."

यंदा या विरोधी पक्षाला दिल्लीत कायद्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आबा रोज म्हणायला लागले, "बारामतीत काय कालेजं न्हाईत व्हय?" तिच्यावाचून त्यांना करमणार नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. अशातच एका दुपारी टीव्हीवर कुणी म्हातारे खासदार तळमळून बोलत होते, की खेड्यातल्या हुशार मुली घरच्यांच्या धास्तीपायी मागं राहतात. आबांनी दिवाणाची फळी दणादणा वाजवली. भाची ताडकन उठली.

"अध्यक्ष महोदय, ही फळी मनापासनं वाजवली का नुसतीच?"

आबांची अशी पंचाईत मी कधी पाहिली नव्हती. शेवटी ते म्हणाले, "मतदान घ्या." सासूबाई आणि दाजी विरोधात, माझी बहीण आणि भाची बाजूनं. समसमान! अशा वेळी अध्यक्षांनीच मत द्यायचं, हे आबांनीच घरादाराकडून घोकून घेतलेलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "जाऊ द्या तिला," एवढंच म्हणाले आणि उठून परसात गेले.

परवा मी गेलो तेव्हा हिवाळी अधिवेशन सुरू होतं आणि टीव्हीवर मात्र सासूबाईंची मालिका चालली होती. मी विचारलं, "आबा, आज सभागृह बंद?"

"कुणाशी भांडू, पावनं? समदी माझं ऐकत्यात."

"भाचीचा फोन येतो ना?"

"येतो की, रोज." आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला उगीचच विचारल्यासारखं झालं. मग ते म्हणाले, "पर आता ती बी भांडत न्हाय. 'जेवला का आबा?' म्हणून इचारती."